छातीतल्या डबीने लिहून ठेवलेले बावीस सेकंद



मे २०२२ मध्ये आम्ही उभयता रामल्याहून बहारीनला गेलो होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तेल अवीवहून मनामाला थेट विमान सुरू झाले, तेव्हापासून आमचा ठाण्याचा भाचा फोनवर सारखा म्हणत होता, "मामा, मामी, आता तरी या." तो नोकरीनिमित्त मनामाच्या जुफैर भागात राहतो. पूर्वी तेथे ब्रिटिश नौदलाचा तळ होता, आता अमेरिकन नौदलाचा आहे. उंच इमारती, समुद्र भरून केलेली जमीन, आणि खाली उतरले की मराठी, मल्याळी, हिंदी सारे कानावर पडते. आपल्या पिढीतील काहींना ठाऊक असेल, १९६५ साली दिनार येईपर्यंत बहारीनमध्ये रुपयाच चालत असे.

आम्हा दोघांपैकी एकाच्या छातीत डिफिब्रिलेटर आहे आणि दुसऱ्याच्या पर्समध्ये त्याचे कार्ड. भाचा मामा म्हणतो, म्हणून येथेही मामाच म्हणू. मामांना अकरा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता. पुढे हृदयाची ताकद कमी झाली, तेव्हा डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत आगपेटीपेक्षा थोडी मोठी अशी डबी बसवली. तिच्यातून दोन तारा शिरेवाटे हृदयात जातात. डॉक्टर तिला आय.सी.डी. म्हणतात. पेसमेकर मंद पडलेल्या हृदयाला हळूच ढोसतो. ही डबी तेही करते, आणि हृदय धोकादायक वेगाने धावू लागले तर विजेचा झटका देऊन त्याला थांबवते.

आपल्या वयाच्या पुष्कळ मंडळींच्या छातीत आता अशी डबी आहे. जुफैरला जे घडले, त्यातून ती काय पाहते, काय ठरवते आणि काय लिहून ठेवते हे आम्हाला प्रथमच नीट समजले. ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

शुक्रवारची रात्र

त्या आठवड्यात जुफैरला पारा चाळिशीच्या आसपास होता आणि समुद्राची दमट हवा अंगाला चिकटत होती. मामांचे पोट दोन दिवस बिघडले होते. जुलाब होत होते, जेवण जात नव्हते, पण लघवीची गोळी मात्र ते नेमाने घेत होते. 'औषध चुकवायचे नाही' हा आमचा बाणा!

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले. मनुकांच्या सरबतावर किद्दुश झाला. मामा खुर्चीत बसलेलेच होते. एकाएकी त्यांचा चेहरा पांढरा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि काही क्षणांत छातीत म्हशीने लाथ मारावी तसा दणका बसून ते ओरडले. त्यानंतर मात्र लगेच सावध! पाणी मागितले, बोलू लागले.

भाच्याने फोन उचलला तर मामा म्हणाले, "अरे, शब्बाथ आहे. मी बरा आहे. उद्या रात्री पाहू. ही डबीच बिघडली आहे, मागेही हिने असेच केले होते."

मागे केले होते हे खरे. दोन वर्षांपूर्वी मामांच्या हृदयाचे वरचे कप्पे अनियमित फडफडू लागले होते. ती फडफड जिवावरची नव्हती, पण तिच्यामुळे खालचे कप्पेही जोरात धावले आणि डबीने गैरसमजातून झटका दिला. डॉक्टरांनी मग सेटिंग बदलून दिली. पण मामांच्या मनात डबीची भीती बसली ती बसलीच. जिना चढताना ते छातीवर हात ठेवू लागले. 'ही बंद करून टाका' असे दोनदा म्हणूनही झाले होते.

भाच्याने काही ऐकले नाही. "पिक्कुआह नेफेश, मामा," एवढेच म्हणून त्याने ९९९ फिरवला. बहारीनमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर तोच आहे.

कागदावरच्या तीन ओळी

रुग्णालयात एक केरळचे डॉक्टर होते, ते आमच्याशी हिंदीत बोलले. त्यांनी मामांच्या छातीवर एक चपटे साधन ठेवले, ते एका लहान संगणकाला जोडलेले होते. दोन मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर आली. डबीने घडलेल्या प्रसंगाचे बावीस सेकंद जसेच्या तसे जपून ठेवले होते. मामा म्हणाले, "डॉक्टर, हिला बंद करा." डॉक्टर म्हणाले, "करू. पण आधी हिचे म्हणणे तर ऐका."

ती पट्टी समजण्यासाठी थोडी प्रस्तावना हवी.

आपल्या हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानसा ठिपका आहे. तेथून दर ठोक्याला विजेची लाट निघते. ती आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या चौकीवर क्षणभर थांबते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत जाते. लाट गेली की स्नायू आवळतो आणि रक्त पुढे ढकलले जाते. ही वीज अगदी क्षीण असते. कातडीवर मोजली तर साधारण एक हजारांश व्होल्ट भरते. ती कागदावर नीट उतरवणारे यंत्र विल्यम आयन्थोवेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी केले. त्या वेळी रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. त्या कामासाठी १९२४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

कार्डिओग्रामचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यावरचे प्रत्येक मोठे घर म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दोन ठोक्यांमध्ये किती मोठी घरे आहेत ते मोजावे आणि ३०० ला त्या आकड्याने भागावे, म्हणजे मिनिटाचे ठोके मिळतात. चार घरे असतील तर ७५. हा हिशेब डॉक्टरांनी मामांच्या हातात पेन्सिल देऊन त्यांच्याकडूनच करवून घेतला.

मामांच्या पट्टीवर तीन ओळी होत्या. पहिली वरच्या कप्प्यातल्या तारेची, दुसरी खालच्या कप्प्यातल्या तारेची. तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरांत डबीने स्वतःचे निर्णय लिहिले होते.

सुरुवातीला वर एक ठोका, खाली एक ठोका, असे जोडीने चालले होते. मिनिटाला ९२. मग खालच्या ओळीत एक ठोका वेळेच्या आधीच आला आणि तेथून चित्र पालटले. खालच्या ओळीत उंच, रुंद लाटा एकाला एक लागून येऊ लागल्या. दोन लाटांमधले अंतर १.४ घरे. मामांनी भागाकार केला. २१४ आले. वरच्या ओळीत मात्र तेच ९२, जणू वरच्या मजल्यावर खालच्या गोंधळाची खबरच नाही.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले, "यजमानापेक्षा नोकर जास्त वेगाने धावतो आहे, आणि यजमानाच्या हुकमाशिवाय."

डबी काय विचारते

हृदय जोरात धावले म्हणजे लगेच धोका, असे नसते. जिना चढला, नात पळाली म्हणून मागे धावलो, ताप आला, तरी ठोके वाढतातच. म्हणून डबी स्वतःला काही प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न वेगाचा. ठरवलेल्या आकड्याच्या वर ठोके गेले आहेत काय?

दुसरा प्रश्न, वेग कसा वाढला? जिना चढताना तो पायरीपायरीने वाढतो. धोक्याची गती एका ठोक्यात उडी मारते.

तिसरा प्रश्न, ठोके सारख्या अंतरावर आहेत काय? वरचे कप्पे फडफडत असतील तर खालचे ठोके कधी जवळ, कधी लांब पडतात. मामांच्या मागच्या नाहक झटक्याच्या वेळी असेच झाले होते.

चौथा प्रश्न, ठोक्याचा आकार नेहमीसारखा आहे काय? मामांच्या साध्या ठोक्याचा एक नमुना डबीत साठवलेला असतो. नवा ठोका त्यावर ठेवून ती ताडून पाहते. नेहमीच्या वाटेने आलेली लाट अरुंद असते, आडवाटेने आलेली रुंद आणि वेगळ्या आकाराची.

पाचवा प्रश्न, वर जास्त ठोके आहेत की खाली? खाली जास्त असतील तर रोग खालच्या कप्प्यांत आहे, हे जवळजवळ निश्चित होते.

त्या रात्री पाचही उत्तरे एकाच दिशेची होती. डॉक्टरांच्या भाषेत याला व्हेन्ट्रिक्युलर टॅकिकार्डिया, थोडक्यात व्ही.टी. म्हणतात.

घाण्याचा बैल

अशी गती सुरू का होते? मामांनी विचारले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढले. घरी परतताना आम्हाला त्यासाठी आपल्याच पूर्वजांचे उदाहरण सुचले. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. घाण्याचा बैल मधल्या उखळाभोवती गोल फिरतो. हृदयविकाराच्या जुन्या झटक्यात स्नायूचा जो भाग मेला, तेथे व्रण राहतो. त्या व्रणातून वीज जात नाही. एखादी लाट अवेळी आली आणि व्रणाच्या एका बाजूने अडून दुसऱ्या बाजूने शिरली, तर ती त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. दर फेरीला एक ठोका, मिनिटाला दोनशे फेऱ्या. इतक्या घाईत हृदयाला भरायलाच वेळ मिळत नाही, मग ते पुढे काय ढकलणार? म्हणून चेहरा पांढरा पडतो आणि अंधारी येते.

तिसऱ्या ओळीत डबीचे निर्णय होते. सुमारे सात सेकंद तिने ठोके मोजले, खात्री केली. मग झटका न देता आधी तिने आठ जलद ठोके स्वतः दिले. बैलाच्या वाटेत आडवे उभे राहावे, तसा हा उपाय असतो. पुष्कळदा एवढ्यानेच फेरी तुटते आणि माणसाला काही कळतही नाही. त्या रात्री ती तुटली नाही. डबीने पुन्हा मोजले, गती चालूच आहे हे पाहिले, आठ सेकंद वीज साठवली, शेवटची एकदा खात्री केली आणि ३५ जूलचा झटका दिला. त्यापुढे वर एक, खाली एक, शांतपणे. एकूण बावीस सेकंद.

ही गती बिघडत गेली तर एका फेरीच्या अनेक फेऱ्या होतात, लाटा फुटतात, आणि खालचे कप्पे पिशवीतल्या किड्यांसारखे नुसते वळवळतात. तिला व्ही.एफ. म्हणतात. कागदावर ठोका म्हणून ओळखता येईल असे काहीच उरत नाही, नुसती वाकडीतिकडी रेघ. रक्त पुढे जाणे थांबते. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

मामा बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मागे ती चुकली होती, आज चुकली नाही." डबी बंद करण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम ३.१ निघाले. ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते. जुलाब, घाम आणि वर लघवीची गोळी, यांनी ते उतरवले होते. व्रण तर अकरा वर्षे तेथेच होता. त्या रात्री बैलाला हाकणारा मिळाला तो हा. शिरेतून पोटॅशियम दिले, दोन रात्री ठेवून घेतले आणि घरी सोडले.

ज्याने ही डबी केली

ही डबी ज्याच्या मनात प्रथम आली तो डॉक्टर रामल्याच्या शेजारीच काम करत होता, हे आमच्या शेजाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

मिशेल मिरोव्स्की यांचा जन्म १९२४ साली वॉर्सात झाला. १९३९ मध्ये जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले तेव्हा पंधरा वर्षांचा हा मुलगा घर सोडून पूर्वेकडे निघाला. पुढे फ्रान्समध्ये वैद्यकी शिकून तो इस्रायेलला आला आणि तेल हाशोमेर रुग्णालयात हॅरी हेलर या वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागला. परदेशी आणखी शिकून आल्यावर मिरोव्स्की असाफ हारोफे रुग्णालयात हृदयरोग विभागाचे प्रमुख झाले. आपल्या रामला-लोदच्या मंडळींचे हेच रुग्णालय.

१९६६ साली हेलर यांना व्ही.टी. चे झटके येऊ लागले. केव्हा येतील याचा नेम नव्हता, आणि त्या काळी झटका देणारे यंत्र फक्त रुग्णालयात असे. माणसाला जन्मभर रुग्णालयात ठेवणार कसे? हेलर त्याच वर्षी गेले. गुरूच्या मृत्यूने मिरोव्स्कींच्या मनात एकच विचार घर करून बसला. ते यंत्र लहान करून माणसाच्या आतच का ठेवू नये?

१९६८ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात गेले आणि मॉर्टन मॉवर या डॉक्टरांबरोबर कामाला लागले. मोठमोठ्यांनी विरोध केला. हृदयाला विजेचा झटका देण्याचे आजचे तंत्र रूढ करणारे बर्नार्ड लाऊन यांनीही १९७२ मध्ये या कल्पनेवर कडक टीका केली. तरी दोघे मागे हटले नाहीत. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशी डबी प्रथम माणसाच्या शरीरात बसवली गेली. ती सुमारे पाव किलोची होती आणि पोटात ठेवावी लागे. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारने तिला मान्यता दिली. मिरोव्स्की १९९० मध्ये गेले.

त्या पहिल्या डबीची पारख करण्याची रीत आम्हाला फार आवडली. ती ठोके मोजत नसे. रेघ किती वेळ विसावते, एवढेच ती पाही. निरोगी हृदयाच्या कार्डिओग्राममध्ये दोन ठोक्यांमधला बराचसा वेळ रेघ सपाट असते. व्ही.एफ. मध्ये ती क्षणभरही सपाट होत नाही. विसावा संपला म्हणजे जिवावर बेतले, असे डबी धरून चाले. शब्बाथ पाळणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपण काय करावे

जुफैरहून परतल्यावर आमच्या रामल्याच्या डॉक्टरांना पट्टी दाखवली. त्यांनी सांगितलेले आणि आम्ही शिकलेले येथे देतो.

डबीचा एकच झटका बसला आणि त्यानंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे. एकापाठोपाठ दोन झटके बसले, शुद्ध गेली, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर क्षणही न दवडता रुग्णवाहिका बोलवावी. इस्रायेलमध्ये १०१, भारतात ११२ किंवा १०८. झटक्याच्या वेळी कोणी हात धरला असेल तर त्याला फार तर मुंग्या येतील, इजा होत नाही. म्हणून घाबरून हात सोडू नये.

कार्ड नेहमी जवळ ठेवावे. डबी कोणत्या कंपनीची आहे हे त्यावर असते, आणि त्या कंपनीच्याच संगणकाला ती आपले म्हणणे सांगते. परगावी हे कार्ड पासपोर्टइतकेच महत्त्वाचे. मोबाईल डबीच्या वरच्या खिशात ठेवू नये, निदान सहा इंच दूर असावा.

जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळा असेल तर लघवीची गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. मनाने शहाळे आणि केळी यांचा मारा करू नये. काही औषधांनी आणि मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम उलट वाढते, आणि तेही हृदयाला तितकेच घातक असते.

ज्यांच्या छातीत डबी नाही, त्यांच्यासाठी भिंतीवरची पेटी असते. इस्रायेलमध्ये मोठ्या सार्वजनिक जागी ती ठेवावी असा २००८ चा कायदाच आहे. आपल्यासमोर कोणी कोसळला, हाक मारून हलवले तरी उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर एकाने फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावे. तिसऱ्याने पेटी आणावी. ती उघडली की बोलू लागते. चित्राप्रमाणे पट्ट्या उघड्या छातीवर चिकटवाव्या. छातीत डबी असेल तर पट्टी तिच्यावर येऊ देऊ नये. पेटी 'हात लावू नका' म्हणाली की खरोखर दूर व्हावे. त्या काही सेकंदांत ती रेघ वाचत असते आणि आपल्या हालचालीने रेघ बिघडते. झटक्याची गरज नसेल तर पेटी झटका देतच नाही, म्हणून 'माझ्या हातून काही भलते होईल' ही भीती नको. भलते होते ते उशीर केल्याने. छाती दाबली नाही, तर प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची शक्यता शेकडा सात ते दहाने घटते.

आणि शब्बाथचे काय? त्या रात्री मामांनी विचारलेला प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर येईल. आपल्या धर्मशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवण्याची नुसती मुभा नाही, ते कर्तव्यच आहे. फोन करावा, गाडीत बसावे, पेटीचे बटण दाबावे. धोका आहे की नाही अशी शंका असली, तरीही तेच करावे. आपण पट्टी वाचू शकत नाही. ज्यांना वाचता येते त्यांच्याकडे जाणे एवढेच आपल्या हाती असते.

बहारीन सोडण्यापूर्वी आम्ही मनामातील सिनेगॉगला जाऊन आलो. मामांनी जिना चढताना छातीवर हात ठेवला नाही. जुफैरची ती पट्टी आता आमच्या घरी सिद्दूरच्या कपाटात कार्डासोबत ठेवली आहे. कोणी डबीधारक शेजारी घाबरून आला की मामा ती काढतात, पेन्सिल त्याच्या हाती देतात आणि म्हणतात, "घरे मोज आणि ३०० ला भाग."

सर्व वाचकांस उत्तम आरोग्य लाभो. शालोम.